अकरानंतरच या

मी मूळचीच संशयी. चौदा वर्षं शाळेत गणित शिकवतेय. दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक दिसली, की ती दोन पोरं कुठल्या बाकावर बसली होती ते मी आधी बघते. घरीही तेच. दूधवाल्याने आपणहून मापापेक्षा थोडं जास्त ओतलं, तर आज पाणी जास्त घातलंय असं मला वाटतं. नवरा म्हणतो, तुझ्यासमोर देव प्रकट झाला तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील. मागेनच. कोणीही उठून मी देव म्हणेल.

अशा बाईवर कुत्रं निवडायची वेळ आली.

आमची मोठी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत सायकल चालवताना एक मोकाट कुत्रं तिच्या मागे लागलं, ती पडली आणि कोपराचं हाड मोडलं. कुत्रं चावलं नव्हतं. हाड सहा आठवड्यांत जुळलं, पण मुलगी खाली उतरायची बंद झाली. समोरच्या इमारतीत तिचा चित्रकलेचा क्लास होता. वीस पावलांचा रस्ता, तोही तिला माझा हात धरल्याशिवाय ओलांडता येईना. धाकटा चार वर्षांचा, तो नेमका उलट. दिसेल त्याचा कान ओढायचा. मुलांच्या डॉक्टरांनी सुचवलं, की एखाद्या शांत कुत्र्याची तिला हळूहळू सवय होऊ द्या, जमलं तर घरीच ठेवा. नवऱ्याला आनंद झाला. मला धडकी भरली. आमच्या दोघांच्याही घरी कधी कुत्रं नव्हतं. आणि आणलेलं कुत्रं तिच्यावर एकदा जरी गुरगुरलं, तरी ही पोर जन्मात पुन्हा खाली उतरणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आधी आम्ही एका दुकानात गेलो. जाळीच्या पिंजऱ्यात पांढरी पिल्लं एकमेकांवर लोळत होती. दुकानदार म्हणाला, "एकदम फॅमिली डॉग हाय ताई. ल्हान पोरांसाठीच."

"याची आई कुठाय?"

"आई बेळगावात."

"आणि वडील?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी स्थळ बघायला आले होते. मी बाहेर पडले. मग नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने आपला भला थोरला जर्मन शेफर्ड फुकट देऊ केला. आम्ही बघायला गेलो, तर तो दारातूनच ओरडला, "भिऊ नका, चावत न्हाई! नुसतं तोंडात धरतंय!" आम्ही चहाही न घेता परतलो.

शेवटी मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही दोघं नोकरी करता, मुलं लहान, अनुभव शून्य. पिल्लू आणूच नका. पिल्लू म्हणजे घरात तिसरं मूल, तेही दात येणारं. मोठं कुत्रं बघा, ज्याचा स्वभाव ठरून गेलाय. हुपरीत एक आहे, तीन वर्षांची मादी. तिच्यासाठी घर शोधतायत."

बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. यांना त्यातून काय मिळणार? आणि इतकी गुणाची कुत्री घरातून घालवतं कोण?

तरी फोन केला. पलीकडे एक म्हातारी बाई होती. म्हणाली, "या की. पन अकरानंतरच या. आनि रविवारी नगं."

"का?"

"नगं म्हटलं न्हवं."

माझी शाळा सकाळची. एका बुधवारी बारा वाजता सुटल्यावर मी स्कूटीवरून हुपरीला गेले. मुलीला नेलं नव्हतं. माझी खात्री पटेपर्यंत तिला दाखवायचंच नाही, असं ठरवलं होतं. गल्लीत घरोघर चांदीची ठोकठोक चालू होती. फोनवरच्या त्या मावशींच्या सोप्यात लाकडी पाटावर पैंजणाच्या कड्या पसरलेल्या होत्या. त्या एकेक कडी जोडून छोट्या ज्योतीने डाग देत होत्या आणि घरात त्याचा उग्र धूर भरला होता. पाटाशेजारी तांबूस रंगाची, मध्यम अंगाची कुत्री पडली होती. तिने मान उचलून माझ्याकडे पाहिलं, शेपूट दोनदा जमिनीवर आपटलं आणि पुन्हा मान टेकली.

मी परीक्षा सुरू केली. डब्याचं झाकण मुद्दाम फरशीवर पाडलं. तिने जांभई दिली. भीत भीत तिचा कान ओढला, धाकटा ओढतो तसाच. तिने मान फिरवून माझं मनगट चाटलं. पुढ्यातली भाकरी काढून घेतली, तर ती उठून बसली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. दुसऱ्या कुणाला हायसं वाटलं असतं. मला वाटलं, हिला गोळी देऊन ठेवलीय.

"मावशी, इतकी गरीब कुत्री का देताय?"

"जमंना आता."

"काय जमेना?"

"जमंना म्हंजे जमंना," असं म्हणून त्या पुन्हा ज्योतीकडे वळल्या.

तेवढ्यात उंबऱ्याजवळ एक लहान गुलाबी चप्पल दिसली. "घरात मूल आहे?"

"नात हाय. शाळंत गेलीया." एवढंच बोलून त्यांनी लगेच चहाचं काढलं.

इथे नक्की पाणी मुरतंय, असं मी परतीच्या वाटेवर मनाशी म्हटलं. अकरानंतर या, रविवारी नको. म्हणजे नात घरात नसताना या. का? त्या नातीच्या हातावर, पायावर नाही तर गालावर दातांच्या खुणा असणार, आणि त्या मला दिसू द्यायच्या नाहीत. दुसरं कारणच सुचेना. त्या म्हातारीचा मला भयंकर राग आला. माझ्या पोरीच्या गळ्यात हे बांधायला निघाल्यात!

घरी गावाहून सासरे आले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या गोठ्यात आयुष्यभर म्हशी. ते म्हणाले, "सूनबाई, सांगून गेल्यावर कुटली बी म्हस गुणाचीच असती. बाजाराच्या आदी धार काडत न्हाईत, कास भरल्याली दिसाय पायजे म्हणून. आमी म्हस घ्याची म्हटलं, की न सांगता जातो. दोन येळची धार तितंच बसून बगतो, मगच कासरा हातात घेतो. तुमी अकराच्या आदी जावा. रविवारीच जावा."

मी रविवारीच गेले. सकाळी साडेसातला स्कूटी गल्लीच्या तोंडाशी लावली आणि चालत गेले, आवाज नको म्हणून. खरं सांगते, त्या दारापाशी जाताना मी चोर पकडायला निघाल्यासारखी खुशीत होते.

दार उघडंच होतं. सोप्याच्या पायरीवर आठ-नऊ वर्षांची एक मुलगी बसली होती. खांदे वर ओढून, तोंड उघडं ठेवून ती श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाला छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. तिच्या पाठीमागे कुत्री बसली होती, ताठ. मुलीने सगळा भार तिच्यावर टाकला होता. "हलू नगं," ती मध्येच म्हणाली. कुत्री हलत नव्हती. मुलीच्या हातात श्वासाचा पंप होता.

मी तिचे हात बघितले, पाय बघितले, गाल बघितले. कुठेही एक ओरखडा नव्हता.

मला माझीच लाज वाटली.

आतून मावशी आल्या आणि मला बघून जागच्या जागी थांबल्या. "अकरानंतर या म्हटलं हुतं न्हवं तुमास्नी!" त्या ओरडल्या. त्यात राग होता, पण रडणं जास्त होतं.

मुलीने एकदा आजीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "हिला न्यायला आलाय?"

पंप ओढून झाल्यावर तीच म्हणाली, "मला ठावं हुतं. आज्जीनं हिचं पोतं धुऊन ठेवलंय, तवाच. हिच्या केसानं मला धाप लागती म्हनत्यात डॉक्टर. धुरानं बी लागती. पन पैंजण बंद करता येत न्हाईत, म्हणून हिला धाडाय लागल्यात."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मी पायरीवर तिच्याशेजारी बसले, आणि मग माझी परीक्षा सुरू झाली.

"आदी कुत्रं हुतं तुमच्याकडं?"

"नाही."

"मग सांबाळनार कसं?"

"शिकू."

"घरात पोरं हाईत?"

"दोन."

"मारत्यात का? चावत्यात?"

"धाकटा कान ओढतो," मी कबूल केलं.

"त्याला सांगा, फुडनं यायचं. मागनं जाऊन धरायचं न्हाई. खाताना हात लावायचा न्हाई, निजल्यावर अंगावर पडायचं न्हाई. आनि थोरली?"

"ती भिते."

"कशाला?"

"कुत्र्याला."

मला वाटलं, आता ही नाहीच म्हणणार. ती बराच वेळ कुत्रीच्या पंजाशी चाळा करत राहिली. "मग हीच न्या," ती म्हणाली. "ही बी भिती. फटाक्याला. कपाटाखाली जाऊन थरथरती. तुमच्या पोरीला म्हनावं, तवा हिच्याजवळ बसायचं. काय बोलायचं न्हाई, नुसतं बसायचं."

मी मान हलवली.

"आनि मी बगाय येनार," ती म्हणाली. "न सांगता."

कुत्री घरी आली तेव्हा आमची मुलगी जेवणाच्या टेबलावर चढून बसली. चार दिवस ती खोलीतून खोलीत खुर्च्यांवरूनच गेली. मी डोळ्यांत तेल घालून दोघींवर पहारा देत होते. कुत्री गॅलरीत आपल्या पोत्यावर पडून असायची आणि तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. पाचव्या दिवशी गल्लीतून लग्नाची वरात गेली आणि फटाक्यांची माळ लागली. कुत्री पलंगाखाली शिरली. तिची नखं फरशीवर वाजत होती, इतकी ती कापत होती. हुपरीच्या पोरीचा निरोप मी मुलीला पहिल्याच दिवशी सांगितला होता. मी काही म्हणायच्या आत मुलगी खाली वाकली. "आई, ही खरंच भिते गं," ती म्हणाली, आणि सरपटत आत गेली. वरात पार पुढच्या चौकात गेली तरी त्या दोघी बाहेर आल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. नवऱ्याने विचारलं, तर कांदा चिरतेय म्हणाले. कांदा कुठेच नव्हता.

तीन-एक महिन्यांनी, एका रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली मुलगी कुत्रीची साखळी धरून उभी होती, एकटी. हे अजून माझ्या अंगवळणी पडलं नव्हतं, म्हणून मी वरून सारखी बघत होते. समोरच्या फुटपाथपाशी एक रिक्षा थांबलेली दिसली. रिक्षाआड नाकाला रुमाल बांधलेली एक मुलगी उभी होती आणि आत मावशी बसल्या होत्या. न सांगता आल्या होत्या. रुमालवाली हाक मारत नव्हती, नुसती बघत होती.

कुत्रीला वास लागला. तिने साखळीला असा हिसका दिला, की माझ्या हातातलं कापड खाली पडलं. पण आमच्या पोरीने साखळी सोडली नाही. तिने पलीकडे पाहिलं, मग दोन्ही बाजूंना पाहिलं आणि कुत्रीला घेऊन रस्ता ओलांडला. त्याच रस्त्यावर ती पडली होती.

रुमालवाली पोर एक पाऊल मागे सरली. मग तिने हात पुढे केला, अंग होईल तितकं लांब ठेवून. कुत्रीने तो हात चाटला, मागून पुढून, बोटांच्या मधूनसुद्धा. "चावली का कदी?" तिने विचारलेलं मला वरपर्यंत ऐकू आलं. आमची म्हणाली, "नाही." "मग बास."

मी धावत खाली गेले. मावशींना म्हटलं, वर चला, चहा घ्या. "नगं बाई, घरात कुत्रीचे केस असतील. पोरीला बाधंल," त्या म्हणाल्या, आणि पाण्याची बाटली काढून नातीला बोलावलं. "हात धू आदी. डॉक्टरनं सांगितलंय न्हवं?"

"धुतला," पोर म्हणाली.

धुतला नव्हता. सगळं माझ्यासमोर घडलं होतं. तो हात तिने मूठ करून फ्रॉकच्या खिशात घातला आणि रिक्षात जाऊन बसली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, खरं का म्हणून. चौदा वर्षांत मी एकाही पोराचं खोटं सोडलेलं नाही.

"धुतला," मी म्हणाले.