कान वाजतात की चाक?

रुमेनाकाकीच्या गॅरेजात गाडी आणणाऱ्याला आधी तोंडाने आवाज काढून दाखवावा लागतो. "घर्र की कर्र? नीट काढ, लाजतोस काय!" असं ती दरडावते, आणि मग मेंढ्यांचे मोठमोठे मालक, आमचा पाद्रीसुद्धा, भर रस्त्यात गाल फुगवून घरघरतात. माझी खानावळ समोरच, त्यामुळे हा फुकटचा तमाशा मी रोज बघतो. काकीने बल्गेरियातल्या या रोडोपी डोंगरांच्या जंगलात जीपगाड्यांखाली चाळीस वर्षं काढली आहेत. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत कुठे काय झिजलं, ते ती काहीही न उघडता सांगते.

गेल्या हिवाळ्यात तिची मुलगी इस्क्रा "बहिरी झालीस तू" म्हणत तिला प्लोव्दिव शहरात कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. या वयात कान वाजतात, उगाच किणकिण ऐकू येते, असं तो म्हणाला. झालं! गॅरेज बंद कर आणि माझ्याकडे राहायला ये, असा इस्क्राने हट्टच धरला. शेवटी माझ्यासमोर ठरलं : एक जरी निदान चुकलं, तरी गॅरेजला कुलूप. काकी "हो" म्हणाली खरी, पण गॅरेजची किल्ली तिने लगेच खिशात घातली. गॅरेज गेलं तर ही बाई शहरात करणार काय, या विचाराने मलाच झोप लागेना.

मार्चच्या मध्याला कालिन आला. हा आमचा गुरांचा डॉक्टर. ऐन कोकरं जन्मायचे दिवस आणि याची जीप रडत होती.

"काकी, मेलो! गिअरबॉक्स गेला."

"तू गाईचं पोट बघ, गाडीचं मी बघते. आवाज काढ."

"घर्रर्र... खर्रर्र..."

"हा गाडीचा आवाज की खोकणाऱ्या बोकडाचा?"

मग काकी त्याच्या शेजारी बसली आणि साक्षीदार म्हणून मला मागे बसवलं. उतारावर गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली, तरी घरघर तशीच. पुढच्या चाकांचा जोर काढून पाहिला, तरी फरक नाही. डावीकडे वळलं की मात्र आवाज वाढायचा.

"गिअरबॉक्स नाही. पुढचं उजवं चाक," काकी म्हणाली. मग तिने कानात बोट घालून जोरात हलवलं आणि म्हणाली, "बेअरिंग."

चाक उतरवलं. बेअरिंग ठणठणीत! आतल्या दांड्याला मात्र लाल-पांढरी लोकर गुंडाळलेली होती. तिला दोन घुंगरं. एक ब्रेकच्या तबकडीत अडकून चपटं झालेलं, तेच घासत होतं. दुसरं मोकळं लोंबत होतं.

"आईचा उद्योग!" कालिनने कपाळावर हात मारला. "एक मार्चला कोकरांना दृष्ट लागू नये म्हणून ही मार्तेनित्सा बांधते. म्हणे, गाडीलाही दृष्ट लागते. कुणाला दिसू नये म्हणून आत बांधली असणार!"

मी पोट धरून हसलो. काकी हसली नाही.

"मी बेअरिंग म्हटलं होतं. चुकले."

"अगं, चाक तर बरोबर सांगितलंस!" मी म्हणालो.

"लाडीगोडी नको. फोन लाव इस्क्राला."

तिचे हात ग्रीसने माखलेले, म्हणून खानावळीत आणून मीच लावला, स्पीकरवर. काकीने काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"आई, गाडीत बसलीस तेव्हा ते दुसरं घुंगरू ऐकू आलं होतं तुला?"

"आलं होतं," काकी हळूच म्हणाली. "घरघरीमागे किणकिण होती. म्हटलं, डॉक्टर म्हणाला तेच. कान वाजतायत."

"एवढ्या धडधडाटात घुंगरू ऐकलंस? मी तुला बहिरी म्हणत होते! चुकलं ते माझं, आई. कुलूप नको लावूस. फक्त पुन्हा कधी किणकिण ऐकलीस तर गप्प बसू नकोस."

काकी घळाघळा रडली. माझेही डोळे भरले, त्यात लाज कसली! मी तिच्यापुढे बटाटा-चीजच्या गरम पाटाटनिकची बशी ठेवली. दोन घास खाऊन तिने मान वर केली.

"तुझा फ्रिज कधीपासून कण्हतोय रे?"

मी फ्रिजला कान लावला. काही नाही. "काकी, कान वाजतायत तुझे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं दही नासलं.