वरळीची मैत्रीण

कुठे राहतेस असं कोणी विचारलं की मी ‘वरळीला’ एवढंच सांगायची. वरळी म्हटलं की ऐकणाऱ्याला समुद्र आणि उंच इमारती दिसतात. मी त्या दिसू द्यायची. आम्ही राहत होतो बीडीडी चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत चौघं. आई बालवाडीत शिकवायची, वडील बँकेत शिपाई. आम्ही बौद्ध, पण आमच्या आडनावावरून ते चटकन कळत नाही. एमएसाठी दादरच्या एका कॉलेजात गेले तेव्हा काही लपवायचं असं मी ठरवलं नव्हतं. पहिल्या आठवड्यात कोणी विचारलं नाही, आणि मग आता मुद्दाम काय सांगायचं, असं मी स्वतःला समजावलं.

त्याच जुलैत आमच्या वर्गात श्रीलंकेहून एक मुलगी आली. हिंदू कॉलनीत एका आजींकडे पेइंग गेस्ट म्हणून राहायची. सुरुवातीला बिचारीचे फार हाल झाले. परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीच्या ऑफिसात कसला तरी कागद कमी पडायचा आणि तिला परत पाठवायचे. रिक्षा दादरला का मिळत नाही, टॅक्सीवाला ‘उधर नहीं जायेगा’ म्हणून निघून का जातो, तिला काही कळायचं नाही. मी तिच्यासोबत दोनदा त्या ऑफिसात गेले. तिला दादर मार्केटला नेऊन नारळ खवायची विळी घेऊन दिली. ती विळी छातीशी धरून ती रस्ताभर हसत होती. माझ्यावर तिचा जीव होता, माझाही तिच्यावर होता. हे आधी सांगते, कारण पुढचं सांगायचंय.

एकदा ती डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वर्गात आली. मुली हळूच विचारायला लागल्या, “कोणी गेलं का गं तिच्या घरचं?” त्या दिवशी पौर्णिमा होती. सकाळी माझी आईही पांढरी साडी नेसून विहारात गेली होती. मला कारण माहीत होतं. मी बोलले नाही.

दुपारी कँटीनमध्ये तिनेच आम्हाला विचारलं, “इथे जवळ विहार आहे का? आमच्याकडे पौर्णिमेला सगळं गाव जातं. इथे खोलीत एकटीला करमत नाही.”

आमच्यातली शिवाजी पार्कला राहणारी एक मैत्रीण म्हणाली, “चैत्यभूमी आहे की. पण डिसेंबरमध्ये चुकूनही जाऊ नकोस हां. इतकी पब्लिक येते, आम्ही तर खिडक्या लावून घेतो.” मग मराठीत, आमच्यापुरतं, आणखी काहीतरी बोलली. ते मी इथे लिहीत नाही. सगळ्या हसल्या. मीही हसले.

माझी आजी खेड्यातून त्याच गर्दीत यायची. सहा डिसेंबरला मी आणि आई दरवर्षी तिथे रांगेतल्या माणसांना पाणी वाटतो.

श्रीलंकेची ती माझ्याकडे वळली. “तू वरळीची ना? तिकडे आहे का एखादा?”

“माहीत नाही गं,” मी म्हणाले. “आमच्यात ते नसतं.”

विहार आमच्या चाळीपासून तीन मिनिटांवर होता.

ऑक्टोबरात वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला मुक्काम, संपला, त्या पौर्णिमेला मी लायब्ररीतून दुपारी चारला घरी आले. दार उघडंच होतं. कॉटवर पांढऱ्या कपड्यांत ती बसली होती, हातात खिरीची वाटी. शेजारी आई.

“ये ये, बघ कोण आलंय!” आईचा आनंद मावत नव्हता. “श्रीलंकेची आहे. दादरच्या बसस्टॉपवर आपल्या दोघीजणी पांढऱ्या साड्यांत दिसल्या म्हणून त्यांच्या मागोमाग बसमध्ये चढली, थेट आपल्या विहारात आली, बघ किती धीराची. आणि वंदना काय म्हणते! तीच पाली, शब्दन् शब्द आपला, फक्त चाल वेगळी. थोडं थोडं हिंदी येतं. म्हटलं, थांब बाळा, माझी मुलगी येईल, तिच्याशी इंग्रजीत बोल.”

तिच्या डोक्यावरच भिंतीवर माझा पदवीचा गाऊन घातलेला फोटो होता. म्हणजे तिला कधीच कळलं होतं. मी दारात तशीच उभी राहिले. ती उठली, वाटी बाजूला ठेवली, हात पुढे केला आणि मला स्वतःचं नाव सांगितलं. जणू आम्ही पहिल्यांदाच भेटतोय.

तिने माझ्यासाठी वाट मोकळी करून दिली होती, आणि मी ती घेतली. हात मिळवला. माझं नाव सांगितलं. आईसमोर अर्धा तास आम्ही एकमेकींना अनोळखी असल्यासारखे प्रश्न विचारले. तिला किती भावंडं ते ती सांगत होती, आणि मला ते जुलैपासून पाठ होतं.

ती गेल्यावर आई वाट्या विसळत म्हणाली, “गुणी पोर आहे. आल्या आल्या सांगत होती, तिच्या वर्गात एक मुलगी आहे, वरळीचीच. ऑफिसात नेलं, विळी घेऊन दिली, फार मदत करते म्हणे. मी म्हटलं, तिचे आईबाप चांगले असतील.” मग सहज विचारलं, “कुठल्या कॉलेजात आहे गं ही?”

मला खोटं सुचलं नाही. मी सगळं सांगितलं, कँटीनमधल्या हसण्यासकट. आईने नळ बंद केला. मला वाटलं, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, “आमची लाज वाटते होय तुला?” आणि उत्तराची वाट न बघता बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिली. वडील आल्यावर तिने त्यांना काही सांगितलं नाही. आजपर्यंत सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजच्या जिन्यात तिला गाठून माफी मागितली. काय काय कारणं दिली. आडनाव, मुलींचं बोलणं, भीती. तिने सगळं ऐकलं.

“तुमच्याकडचं मला सगळं समजत नाही,” ती म्हणाली. “तुझा राग नाही. पण तीन पौर्णिमा मी खोलीचं दार लावून एकटीने वंदना म्हटली. तुला माहीत होतं ना?”

“हो.”

तिने मान हलवली आणि ती वर्गात गेली.

त्यानंतर एमए संपेपर्यंत ती दर पौर्णिमेला चाळीत यायची. आईने तिला पुरणपोळी शिकवली, तिने आईला नारळाची लाल मिरची घातलेली तिखट चटणी. माझ्याशी चांगलीच वागायची; नोट्स द्यायची, वाढदिवसाला आठवणीने पुस्तक आणायची. पण पुन्हा कधी तिने मला काही विचारलं नाही. एखादा पत्ताही नाही. विचारायचं असलं की आईला फोन करायची.

कँटीनमधल्या मैत्रिणींना मी सांगितलं, पण फार उशिरा, नोकरी लागल्यावर, फोनवर. तेव्हा सांगायला धैर्य लागत नव्हतं. शिवाजी पार्कवाली म्हणाली, “अगं, मग तेव्हाच बोलायचंस ना!” तिला कँटीनमधलं बोलणं आठवतही नव्हतं.

आता तिचा आईला कोलंबोहून व्हिडिओ कॉल येतो. आईचं हिंदी आणि तिचं हिंदी, दोन्ही अडखळतात, तरी दोघी तासभर बोलतात. अगदीच अडलं तर आई मला हाक मारते. मी एक वाक्य इकडचं तिकडे करते आणि फोन परत देते.