शैलाची चोरटी अजून जिवंत आहे

मंडळी, मी लिहिलेल्या साहसखेळाच्या पुस्तिका आज झेरॉक्स करून, स्टेपल मारून तयार झाल्या. सोळा पानं, नकाशे हातानं काढलेले. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन फासे टाकतात, असा हा खेळ. शिरूर कासारला शाळेत असताना मी आणि माझी मैत्रीण शैला तो रोज खेळायचो; ती कायम चोरटीचं पात्र घ्यायची.

शैला सध्या नवऱ्याबरोबर कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलीय. दुपारी तिला फोन लावला.

"शैले, आपली भुयाराची गोष्ट पुरी झाली बघ."

"लई भारी! माझी चोरटी जिती हाय का गं?"

"हाय की. भुयाराच्या तोंडाशी उभी हाय."

ती म्हणाली, "मी येईस्तोवर तिला आत धाडू नको. तिच्या नावानं दुसऱ्या कुणाला फासे टाकू देऊ नको."

तेवढ्यात तिला मुकादमानं हाक मारली.

संध्याकाळी गल्लीतल्या पोरी खेळायला जमल्या. एकीनं चोरटीच मागितली. मी तिला तिरंदाज दिली. खेळ रंगला, पोरी खूश होऊन घरी गेल्या. मला मात्र फासे टाकतानाचा शैलाचा आरडाओरडा ऐकायचा होता.

तुम्हीही कुणाची जागा अशी राखून ठेवलीय का?