नावावरची पट्टी

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुळाच्या ऑर्डरी लिहीत होते. पान उलटलं आणि नवी यादी केली : कुरुंदवाडच्या नातेवाइकांना कळवणे, गाडी, मामींच्या गोळ्या... ती यादी संपायला महिना गेला. आता लिहायला बसले आहे.

मामा निवृत्त शाळामास्तर. दर निवडणुकीला दोन्ही पक्षांचे जाहीरनामे आणायचे, नाव-चिन्हावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि शाहूपुरीतल्या घरी चहाला आलेल्यांना एकेक आश्वासन वाचून दाखवायचं, ही त्यांची रीत. "सांगा बघू, कुणाचं हाय?" माणसं छातीठोकपणे आपापल्या पक्षाचं नाव घेत. मग मामा पट्टी उचलत. एकदा त्यांनी वाचलं : शेतमाल बाजार समितीबाहेर थेट विकायची मुभा देऊ. माझं गूळ पॅकिंगचं काम त्याच मुभेवर उभं राहणार होतं. "आमचंच की हे!" मी ओरडले. पट्टीखाली दुसरा पक्ष निघाला. मामा म्हणाले, "तुझ्या पक्षानं ह्याच्याविरुद्ध मोर्चा काढला न्हवं? पुढं तूच हुतीस की, बाई." सगळे हसले. मी नाही.

पुढं सत्ता बदलली. माझ्या पक्षानं तीच मुभा आणली आणि मोर्चा दुसऱ्यांनी काढला. आता पुन्हा निवडणूक आहे. मुभा गेली, तर कागलमधलं माझं युनिट बंद, आणि तिथल्या बारा बायका घरी. शेवटच्या भेटीत मामा एवढंच म्हणाले, "भाषण ऐकू नगंस. लिहून घे."

दिवसकार्य झाल्यावर दोन्ही पक्षांचे उमेदवार सांत्वनाला आले, नेमके एकाच सकाळी. मी चहा ठेवला आणि मामांनी या निवडणुकीसाठी पट्टी लावून ठेवलेला, त्याच मुभेच्या आश्वासनाचा कागद पुढे केला. "मामांची रीत आहे. हे आश्वासन कुणाचं?"

"आमचंच की, ताई," पहिले म्हणाले.

"तुमचं कसं? आमचं हाय ते!" दुसरे.

"मग दोघांनीही खाली सही करा. मुभा काढणार नाही म्हणून."

एकाचा हात पट्टीकडे गेला. मी कागद मागे ओढला. "आधी सही." आतून मामी म्हणाल्या, "चहा निवाय लागलाय. करा की सही." पहिल्यांनी पेन मागितलं. दुसरे म्हणाले, "वर विचारून सांगतो."

कागद मामांच्या खुर्चीसमोर भिंतीला लावला आहे. एक सही आहे, शेजारची जागा रिकामी आहे. उद्याच्या यादीत पहिलं काम : ती दुसरी सही. पट्टी मी अजून उचललेली नाही.