कोरडा गालिचा

सौंसर पोलीस थान्याचा प्रभारी असताना हाताळलेलं एक प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून उतरलेलं नाही. त्यात सराईत गुन्हेगार कोणी नव्हता. तरी एवढा गोंधळ माझा खुनाच्या तपासातही कधी झाला नव्हता. माणसं सगळी हयात आहेत, म्हणून नावं देत नाही.

शनिवार होता. अर्धा थाना जामसांवलीच्या मंदिरावर बंदोबस्ताला गेलेला. आदल्या संध्याकाळी मोहगावच्या रस्त्यावर एक इलेक्ट्रिशियन आपल्या मोटरसायकलजवळ बेशुद्ध सापडला होता. डोक्याला जबर मार. त्याला नागपूरला हलवलं होतं. कपड्यांना दारूचा वास येत होता, त्यामुळे नशेत गाडी घसरली असावी असं सगळे धरून चालले होते.

सकाळीच त्याची बायको थान्यात आली.

"साहेब, माह्या घरचा माणूस पीत नाई. गावभर सांगून राहिले लोकं, पिऊन पडला म्हणून. तो उठला नाई तं हेच नाव घेऊन जाईन का?"

नवरा पीत नाही असं बहुतेक बायका सांगतात आणि बहुतेकींना खरं ठाऊक नसतं. तरी मी आवारात ठेवलेली गाडी पाहायला गेलो. हँडल सरळ होतं. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, त्याच्यावर एक ओरखडा नाही. नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, डोकं सोडून कुठेच जखम नाही. डांबरी रस्त्यावर पडणारा माणूस आधी हात टेकतो, त्याचे तळवे सोलतात, कोपर खरचटतं. याचे तळवे साफ होते.

तेवढ्यात थान्यातलं लिखापढीचं काम पाहणारा मुन्शी म्हणाला, "साहेब, आत्ताच एक फोन आला होता. दबका आवाज. म्हणे, तो माणूस रस्त्यावर नाही, नागपूर रोडच्या लग्नाच्या हॉलमध्ये पडला. गालिचा पाहा, एवढंच बोलून ठेवून दिला."

मी आणि मुन्शी हॉलवर पोचलो. मॅनेजर पन्नाशीचा, अदबीनं बोलणारा. त्यानं आधी पाणी मागवलं. इलेक्ट्रिशियन काल लायटिंगचं काम करून गेला, हे त्यानं लगेच मान्य केलं. स्टेजपासून दारापर्यंत जमिनीला चिकटवलेला लाल गालिचा होता. डाग कुठेच नाही.

"धुतला का हा?" मी विचारलं.

"साहेब, धुतला असता तं आज ओला नसता का? हात लावून पाहा ना."

मी गुडघ्यावर बसून हात फिरवला. ठणठणीत कोरडा. एवढा जाड गालिचा धुतला तर पंखे लावूनही दोन दिवस ओल जात नाही, कुबट वास येतो. इथे वासही नव्हता. वर मॅनेजर म्हणाला, "अन् साहेब, अँब्युलन्स तं मीच बोलावली. जाता जाता दिसला बिचारा रस्त्यात. मले काही लपवायचं असतं तं मी थांबलो असतो का?"

हे खरं होतं. अँब्युलन्सवाल्यांनीही तेच सांगितलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा मला काहीच कळेनासं झालं होतं. रस्त्यावर पडल्याच्या खुणा नाहीत, हॉलमध्ये पडल्याच्याही नाहीत. मग माणूस पडला कुठे?

जीपमध्ये बसताना मुन्शी म्हणाला, "साहेब, पँटीले काय लागलं?"

गुडघ्यांवर बारीक चुरा लागला होता. साखर खलबत्त्यात कुटल्यासारखा. बोटांत चोळला तर चिकटेना, नुसता कुरकुरायचा. मुन्शीला ती कसलीतरी नशेची पावडर वाटली. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटली, आणि गोंधळ आणखी वाढला.

नागपूरला माझा एक मित्र मोठं हॉटेल सांभाळायचा. त्याला विचारलं तर तो हसला. "अरे, ती कमी पाण्याची सफाई आहे. गालिच्यावर औषधाचा हलका फवारा मारायचा आणि मशीनच्या ब्रशनं घासायचं. औषध मळाला धरतं आणि वाळताना त्याचे दाणे होतात. तासा-दोन तासांत गालिचा कोरडा. मग व्हॅक्यूमनं दाणे ओढून घ्यायचे, त्यांच्याबरोबर मळ जातो."

"आणि व्हॅक्यूम केलंच नाही तर?"

"तर मळ तिथेच राहील. दिसणार नाही, पण असेल. तुमच्याकडे पांढुर्ण्याच्या एक बाई हे काम करतात, त्यांना विचार."

मी आधी हॉलला कुलूप लावून पहारा बसवला, मगच बाईंना बोलावलं. चाळिशीच्या, शिकलेल्या, स्वतःचा धंदा उभा केलेल्या. महिला आरक्षकाला, म्हणजे महिला शिपायाला, शेजारी बसवून मी विचारपूस सुरू केली.

"हो, काल बोलावलं होतं मला. भाजीचा रस्सा सांडला म्हणाले. मी साफ करून दिला."

"रस्साच होता?"

"मला काय माहीत साहेब? डाग तो डाग."

"व्हॅक्यूम का नाही केलं?"

"लाईट गेली होती."

त्या भागात आदल्या दिवशी लाईट गेली नव्हती, हे मी लगेच वीज कार्यालयात फोन करून विचारून घेतलं. बाई खोटं बोलत होत्या, एवढं नक्की. पण खोट्याला काहीतरी कारण लागतं. पुरावा नष्ट करायचा तर व्हॅक्यूम आधी करायला हवं होतं. ह्यांनी पुसलंही आणि ठेवलंही. असा आरोपी मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात सकाळच्या फोनचा माग काढायला पाठवलेला आरक्षक परतला. थान्यात आलेला फोन तिगाव स्टेशनाजवळच्या एका चहावाल्याचा होता. बॅटरी संपली म्हणून एका बाईनं मागून घेतला होता, असं तो म्हणाला. तिगाव पांढुर्ण्याला लागूनच. मी बाईंकडे पाहिलं.

"फोन तुम्ही केला होता?"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"फेस लाल आला साहेब. रस्स्याचा तेलकट येतो, असा नाही येत. मॅनेजर डोक्यावर उभा होता, घाई करून राहिला होता. मी म्हटलं, व्हॅक्यूम बिघडलं, उद्या येते. मुद्दाम सोडलं. सकाळी त्या इलेक्ट्रिशियनचं कानावर आलं, तेव्हा फोन केला."

"मग आत्ता माझ्याशी खोटं का बोललात?"

"फोनवर मी कोणीच नव्हते. इथं माझं नाव आहे. सगळ्या हॉलवाल्यांची कामं याच माणसाच्या शब्दावर मिळतात मला."

पंचांसमोर गालिचा व्हॅक्यूम केला, निघालेला चुरा आणि गालिच्याचा तुकडा सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला. त्यात माणसाचं रक्त निघालं. पण तो अहवाल येण्याआधीच मॅनेजरनं सांगून टाकलं होतं. शिडी आखूड पडली, म्हणून त्यानंच ती टेबलावर चढवायला लावली. माणूस वरून स्टेजच्या कडेवर आपटला. रविवारी तिथे लग्न होतं, हॉल बंद पडेल म्हणून हा घाबरला. आपल्या ड्रायव्हरच्या मदतीनं माणसाला आणि गाडीला रस्त्यावर नेऊन टाकलं, अंगावर दारू शिंपडली.

"मग अँब्युलन्स?"

"तो कण्हला साहेब. मले पुढे जाववलं नाई."

दोघांवर गुन्हा दाखल झाला. बाई साक्षीदार झाल्या आणि न्यायालयात नावानिशी उभ्या राहिल्या.

काही आठवड्यांनी मी जबाबासाठी नागपूरला इस्पितळात गेलो. इलेक्ट्रिशियन उशीला टेकून बसला होता. त्याला त्या दिवसाचं काहीही आठवत नव्हतं. तो हळूच म्हणाला, "साहेब, सगळे म्हणतात पिऊन पडलो. कधी पेलो नाई, पण पेलोच असीन. आठवतच नाई तं कसं नाई म्हणू?"

बायको पायाशी बसून होती. तिनंही त्याला सांगितलं असणारच, पण बायकोचं म्हणणं त्यानं माया समजून सोडून दिलं असावं. मी त्याला शिडीपासून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग हॉलचं विचारलं नाही, मॅनेजरचंही नाही.

"म्हणजे मी पेलो नवतो?"

"नव्हता."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते.

नोकरीभर मी खरं बोलणारे आणि खोटं बोलणारे अशी माणसांची विभागणी करत आलो. या प्रकरणात ती विभागणी चालली नाही. ज्यानं लपवलं त्यानंच मदत बोलावली, जिनं पुसलं तिनंच राखून ठेवलं. तपास कशासाठी करायचा, याचं उत्तर मात्र त्या खाटेशेजारी मिळालं. आरोपीला शिक्षा होते, ती न्यायालय देतं. पण लोकांच्या सांगण्यावरून स्वतःलाच दोषी मानून बसलेल्या माणसाला 'तू तसा नव्हतास' असं पुराव्यानिशी सांगणं, ते काम पोलिसाचं आहे.