फ्लाइंगच्या दिवशी भांडायचं नाही

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर पडतात. आमच्या स्क्वाड्रनच्या बायकांचं हेच झालंय. एके काळी लोहगावला एकाच गल्लीत क्वार्टर्स होती आमची. आता कुणी कोथरूडला, कुणी वानवडीला. महिन्यातून एकदा जमतो, एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी होते आणि मग सुरू. नवरे काहींचे आहेत, काहींचे नाहीत. माझा नाही. पण हसण्यात मी कुणालाही पुढे जाऊ देत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तुम्ही संकोच करणार नाही.

माझा नवरा विश्वास, फायटर पायलट. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे. पण तो होता तिथेच थांबला आणि मी म्हातारी झाले. आता वयाने मीच मोठी आहे, तेव्हा अरे-तुरे चालतं.

*

बघण्याचा कार्यक्रम आमच्या शनिवार पेठेतल्या घरी झाला. मुलगा विमान चालवतो म्हटल्यावर माझ्या वडिलांना काळजी पडली ती हवाई सुंदऱ्यांची. पोहे संपेपर्यंत त्यांनी दम धरला. मग घसा साफ करून विचारलं, "आपल्या विमानात, म्हणजे, बाकीचा स्टाफ कोण असतो?"

"एकच सीट असते," विश्वास म्हणाला. "तिच्यावर मी बसतो."

वडिलांचा चेहरा खुलला. आत्या मात्र हिरमुसली. "एकच सीट? असू दे. सुरुवात आहे. बढती मिळाली की माणसं बसवायचं मोठं विमान देतीलच."

"प्रयत्न करतो," विश्वास म्हणाला, आणि तेही इतक्या गंभीरपणे, की मी आत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. माझा होकार तिथेच झाला.

*

पायलट उडण्याआधी विमानाभोवती फेरी मारतो. टायर बघतो, पंख चाचपतो, खाली वाकून पोटाकडे बघतो. रोजची सवय. विश्वासने ती स्कूटरलाही लावली होती. मी मागे बसायला तयार, पर्स सांभाळत उभी, आणि हा स्कूटरभोवती प्रदक्षिणा घालतोय!

लोहगावात ठीक होतं, तिथे सगळेच तसे. पण एकदा लक्ष्मी रोडवर साडी घेऊन बाहेर आलो आणि यानं सुरू केलं. चाक दाबलं, आरसा हलवला, मग गुडघ्यावर बसून खाली डोकावला. मिनिटभरात पाच-सहा लोक त्याच्याबरोबर वाकून रस्त्यावर शोधायला लागले. एका आजोबांनी तर चष्मा बदलला.

"काय पडलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. आधी बघून घेतोय."

आजोबा कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले. "मग पडल्यावर बोलवा," म्हणाले आणि गेले.

*

माझे सासरे, अण्णा, गणिताचे मास्तर. निवृत्त झाले होते, पण चुका काढायच्या थांबले नव्हते. मुलगा फायटर उडवतो याचा त्यांना अभिमान असावा, पण तो त्यांनी आम्हाला कधी दाखवला नाही.

वर्षातून एकदा घरच्यांना विमानं बघायला बोलवत. विश्वासने अण्णांना धोतरासकट शिडीवर चढवलं, कॉकपिटमध्ये बसवलं. हे काय, ते काय, सगळं समजावलं. अण्णांनी एका पिवळ्या-काळ्या हँडलकडे बोट केलं.

"हे कशाला?"

"विमान बिघडलं तर हे ओढायचं. पायलट सीटसकट बाहेर फेकला जातो आणि पॅराशूटने उतरतो."

अण्णांनी थोडा विचार केला. "म्हणजे सरकारलाच खात्री नाही," म्हणाले. मग खाली उतरून चहा कुठे मिळेल ते विचारलं.

*

आमच्या गल्लीत बायकांचा एक कडक नियम होता: फ्लाइंगच्या दिवशी नवऱ्याशी भांडायचं नाही. वर जाणाऱ्या माणसाचं डोकं शांत हवं. दूधवाला आला नाही, सासूचं पत्र आलं, काहीही होवो. सकाळी गोड बोलून पाठवायचं.

आता भांडण हे काही नासून फेकून देण्यासारखं नसतं. ते टिकतं. सोमवारपासूनचं सगळं आम्ही रविवारपर्यंत जपून ठेवायचो. रविवारी सकाळी पोरांची आंघोळ झाली की गल्लीतल्या सगळ्या घरांतून एकदम आवाज सुरू! शेजारच्या रझियाचा आणि माझा स्वयंपाकघराचा ओटा एकाच भिंतीला लागून होता. रझिया मूळची खडकीची, तिचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, त्यामुळे आवाजाची तिला सवय. ती मध्येच थांबून भिंतीवर थाप मारायची. "तुझं झालं का गं? माझं अजून मंगळवारचंच चाललंय."

पुढे पुढे पुरुष शहाणे झाले. हवा खराब असली की फ्लाइंग रद्द, म्हणजे माणूस घरी, म्हणजे रविवारच. तेव्हा धुकं पडलं की आमचे शूर वैमानिक हवामान अधिकाऱ्याच्या खोलीत जाऊन हात जोडायचे, "साहेब, थोडं तरी स्वच्छ सांगा."

*

दुसरा नियम कुणी शिकवत नसे, तो आपोआप कळायचा. फ्लाइंग चालू असताना सीओंची, म्हणजे स्क्वाड्रनच्या मोठ्या साहेबांची, गाडी कुणाच्या दारात थांबत नाही. थांबली तर ती एकाच कारणासाठी.

मिसेस सेठी सीओंच्या नव्या नव्या बायको होत्या, म्हणजे सीओ नवे झाले होते. भली बाई. घरी पाहुणे आले, इडलीपात्र नव्हतं, नवऱ्याची गाडी रिकामी होती. ती घेऊन त्या सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या दारात.

मी मागे कपडे वाळत घालत होते, मला पत्ता नाही. पण गल्लीने गाडी पाहिली. मी पुढे येईपर्यंत माझ्या बैठकीत बायका भरल्या होत्या. कुणी माझ्या मुलीला कडेवर घेतलं, कुणी देवापुढे दिवा लावला, रझियाने मला मिठी मारून खाली बसवलं. मिसेस सेठी मध्ये उभ्या. त्या रडत होत्या, कारण सगळ्या रडत होत्या. कुणीतरी गेलंय एवढं त्यांना कळलं होतं. कोण, ते कसं विचारायचं?

मी त्या दिव्याकडे बघत बसले. त्या वर्षांत मला देवाकडे एकच मागायचं असायचं: हा माणूस दुपारी जेवायला घरी येऊ दे. पैसा, बढती, मेडल, काही नको. जेवायला येऊ दे.

आणि तो आला! घामाघूम, हातात हेल्मेटची पिशवी, दारात चपलांचा ढीग बघून थबकला. हळूच आत डोकावून त्याने रझियाला विचारलं, "कोण गेलं?"

"तुम्ही," रझिया म्हणाली.

विश्वासने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मग जेवून जातो," म्हणाला.

इडलीपात्र मी दुसऱ्या दिवशी सायकलवरून पाठवलं.

*

त्या दिवसानंतर मी हट्ट धरला. खडकवासल्याला कॅडेट्सना शिकवायची एक जागा होती. जमिनीवरची. आधी तो हसला. मग सलग कितीतरी रविवार मी दुसरा विषयच घेतला नाही, तेव्हा हो म्हणाला. नव्या पायलटांचा चालू कोर्स संपला की जायचं, असं सीओंशी बोलूनही आला.

आम्ही घर बघायला गेलो. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं, मागे मोकळी जागा होती. मी मनातल्या मनात अळू लावूनसुद्धा टाकलं. विश्वास सगळ्या खोल्यांतून फिरला आणि आभाळाकडे बघत उभा राहिला. आम्हाला घर दाखवायला आलेल्या अधिकाऱ्याला त्याने विचारलं, "इथून विमानं दिसतात?"

"फारशी नाही."

"मग हिला आवडेल."

मला आवडलंच होतं. मी काय लपवणार? माझ्या चेहऱ्यावर दिसत होतं सगळं.

अण्णांना सांगितलं, आता काळजी नाही, विश्वास शिकवणार आहे. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केलं. "मास्तरकीत धोका नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" पण त्या रात्री त्यांनी दोनदा भात मागून घेतला, जे ते कधी करत नसत.

*

ते घर आम्हाला मिळालं नाही.

कोर्स अजून संपायचा होता. सकाळची साधी प्रॅक्टिस होती. उतरायला येताना इंजिनाला आग लागली. वाघोलीच्या पलीकडे तेव्हा नुसती शेतं होती, तिथे विमान पडलं. गाडी आली, सीओ आणि मिसेस सेठी दोघंही उतरले, आणि या वेळी गल्लीत कुणालाही चूक करायला वाव नव्हता.

दुपारी अण्णा आले. सीओ त्यांच्यासमोर टोपी काढून उभे होते. अण्णांनी एकच विचारलं, "त्यानं ते हँडल ओढलं होतं का?"

"ओढलं होतं. पण जमीन फार जवळ आली होती."

"ओढलं होतं ना," अण्णा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला विश्वास फार आवडायचा. याहून जास्त मला त्याबद्दल सांगता येत नाही, आणि तुम्ही विचारूही नका.

*

आता सगळ्यात भारी किस्सा. हा मी नेहमी शेवटी सांगते.

आमच्याकडे पद्धत अशी, की कुणी गेलं तरी दुसऱ्या दिवशी स्क्वाड्रन उडते. एक दिवस जरी जमिनीवर बसलं तरी पोरांच्या मनात भीती घर करते म्हणतात. सीओंनी रात्रीच मला विचारलं, "उद्या सकाळी उडालो तर तुमची हरकत नाही ना?" मी म्हटलं, "उडा."

सकाळी सगळ्या बायका माझ्याकडे. कुणी उपमा आणलेला, कुणी माझ्या मुलीची वेणी घालतेय. रझिया माझा हात धरून शेजारी बसलेली. तिचा नवरा सलीम पहिल्या उडणाऱ्या चौघांत होता. मिसेस सेठी मला गीतेतलं काहीतरी सांगत होत्या.

तेवढ्यात इंजिनं सुरू झाली. एक, दोन, तीन, चार. वर गेली.

मिसेस सेठींचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. वेणी घालणारीचे हात थांबले. उपमा वाढणारी तशीच चमचा धरून उभी. सगळ्यांच्या माना खिडकीकडे. मला कुणी विचारेना. खोलीत मी एकटीच मोकळी होते.

चहा तरी करावा म्हणून उठले, तर रझिया हात सोडेना. तिला ते कळतही नव्हतं. मग आम्ही दोघी तशाच स्वयंपाकघरात गेलो. एका हाताने मी पाणी ठेवलं, एका हाताने साखर टाकली. आलं काही एका हाताने किसता येत नाही, ते राहू दिलं.

चहा उकळला तेव्हा पहिलं विमान उतरल्याचा आवाज आला. मग दुसरं. तिसरं. मग बराच वेळ काहीच नाही. रझियाची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मी गॅस बारीक केला.

चौथं उतरलं.

"सलीमभाई आले," मी तिला म्हटलं. "आता हात सोड. मला चहा गाळायचाय."