तोडणीच्या तोंडावर ठिबकच्या पेटीचा अपडेट

मंडळी, हे बागेतूनच लिहितेय, लाईट यायची वाट बघत.

कळसला आमची डाळिंबाची बाग आहे. ठिबकचं पाणी ऑटोमॅटिक पेटी सोडते. पण लाईट जाऊन आली की पेटी अडकते आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. तोडणी तोंडावर आलीय, पाणी जादा झालं की फळ तडकणार.

सकाळी पेटीवर नवा अपडेट आला. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "तो दोष यात काढलाय. फक्त अपडेट होताना लाईट जाऊ देऊ नका, नाहीतर पेटीच बंद पडेल."

जशी काय लाईट माझ्याच हातात हाय.

सासरे म्हणाले, "तोडणी होऊ दे. आत्ता हात नगं लावू."

"आबा, मग तोवर रोज व्हॉल्व्हपाशी राखणीला बसायचं का?"

आबा उठले. जाऊन ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली आणि पेटीला जोडली. "आता दाब."

अपडेट अर्ध्यावर असतानाच लाईट गेली. बॅटरीवर पेटी तगली, अपडेट पूर्ण झाला, मग बॅटरी काढून टाकली.

पण दोष गेला का, ते लाईट आल्यावरच कळणार. आबा व्हॉल्व्हवर हात ठेवून बसलेत.

तुम्ही असता तर तोडणीआधी हात लावला असता का? लवकर सांगा, लाईट कधीही येईल.